फॉइल काढल्याची तारीख

९ जानेवारी, सोमवार

भांडारातली अठ्ठावीस वर्षं संपली. आजपासून तिसऱ्या मजल्यावर, पेशींच्या खोलीत. जूनमध्ये निवृत्त व्हायचं आणि जानेवारीत नवं काम शिकायचं, म्हणजे कमालच आहे. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्वतः बोलावून घेतलं. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक विद्यार्थिनी जिन्यावरून पडली, घोटा मोडला, दोन महिने प्लास्टर. तिच्या पेशींना रोज खाऊपिऊ घालायला माणूस हवा. मॅडम म्हणाल्या, “तुमच्याइतका शिस्तीचा माणूस या इमारतीत नाही.” शिवाय हे काम नीट झालं तर दोन वर्षांची मुदतवाढ मागता येईल, असंही त्यांनी सुचवलं.

घरी आल्यावर हिला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, “अहो, कळलं. आता एवढा दोरा ओवून द्या.”

आमच्या मुलीचा फोन येऊन गेला म्हणे, मी यायच्या आधी. तो नेहमी मी यायच्या आधीच येतो. ती बंदराच्या गावी मालाच्या कचेरीत कारकुनी करते. बरं चाललंय म्हणाली. माझी चौकशी केली असेलच.

१२ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस ती मुलगी चाकांच्या खुर्चीत बसून मला शिकवते आहे. तिला मी मनातल्या मनात ‘धांदल’ म्हणतो. बोलताना तिचा एक हात पिपेट धरतो, दुसरा डोकं खाजवतो, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू होतं. मला ‘भांडारकाका’ म्हणते. पेशींना ‘मंडळी’ म्हणते. सकाळी आल्याआल्या विचारते, “काका, मंडळी उठली का?”

मंडळी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेच्या कपाटात राहतात. आज तिने मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्या तयार होतात आणि अर्धं सामान इकडे, अर्धं तिकडे ओढून नेतात. तिचं औषध त्या दोऱ्याच होऊ देत नाही. मग पेशी दोन व्हायला निघालेली, मध्येच अडकते, गोल होते, आणि काही दिवसांनी मरते. औषधाचं नाव कोल्चिसिन. कळलावीच्या कंदातून निघतं. हिला सांगितलं तर म्हणाली, “नावच कळलावी, मग घरात दोन होताना भांडण व्हायचंच.”

धांदलचा प्रबंध यावर आहे: या औषधाची मात्रा हळूहळू वाढवत नेली तर काही पेशी त्याला पुरून उरतात का. डिसेंबरपर्यंत तिच्या पेशी पन्नासच्या मात्रेवर तग धरून होत्या; त्यातल्या काही तिने गोठवून राखून ठेवल्या आहेत. साध्या पेशी दहावरच आडव्या होतात. प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे.

औषधाच्या चोवीस छोट्या बाटल्या तिने वर्षारंभी भरून ठेवल्या आहेत. कुठे, तर बुटांच्या खोक्यात. प्रत्येक बाटली चुरगळलेल्या फॉइलमध्ये गुंडाळलेली, वर मार्करने काहीतरी खरडलेलं, तेही अर्धं पुसलेलं. खोकं टेबलाच्या खालच्या खणात, एका जुन्या मोज्याशेजारी. म्हणाली, “खोक्यातली बाटली घ्यायची, मोजून टाकायचं, परत खोक्यात. बास.” याहून जास्त सांगायची तिला गरज वाटली नाही. मोजा कुणाचा हे मी विचारलं नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

आज खोली माझी झाली. धांदल कालपासून वसतिगृहात आहे, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून प्रबंध लिहिते आहे. तिच्या खोलीत मायक्रोस्कोप नाही, म्हणून मी रोज फोटो काढून फोनवर पाठवायचे, ती तिकडून पुढची मात्रा सांगणार.

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कामाला हात घातला. मोजा फेकला. चोवीसच्या चोवीस बाटल्यांवरचं फॉइल सोडवलं. आतली काच इतकी स्वच्छ होती की ती झाकून का ठेवायची, देव जाणे. बहुधा डबा बांधायचं फॉइल हाताशी होतं म्हणून गुंडाळलं असेल. प्रत्येक बाटलीवर टाइप केलेली चिठ्ठी लावली: नाव, मात्रा, क्रमांक. भांडारातला पारदर्शक स्टँड आणून खिडकीशेजारच्या फळीवर सगळ्या ओळीत उभ्या केल्या. कोणतीत किती उरलं आहे हे आता दारातूनच दिसतं. खोकं रद्दीत.

अशी खोली पाहिली की छातीवरचं ओझं उतरतं. या पोरांना अक्कल खूप असते, पण वस्तू जागच्या जागी ठेवायला कुणी शिकवत नाही. धांदलला सांगितलं नाही. बरी होऊन येईल तेव्हा दिसेलच.

३० जानेवारी, सोमवार

मंडळी ऐंशीच्या मात्रेवर आरामात आहेत. आज शंभरवर नेल्या. धांदल फोनवर ओरडली, “काका, तुमच्या हाताला गुण आहे!” आजवर माझ्या हाताला कुणी गुण दिला नव्हता. भांडारात सगळे म्हणायचे, चावी आहे तोवर हात आहे.

हिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. रोपं मात्र तुमच्या हातून कधी जगली नाहीत.”

९ फेब्रुवारी, गुरुवार

शंभरवरून दोनशे, दोनशेवरून आज पाचशे. पेशी वाढतच आहेत, दाटीवाटीने. मॅडम स्वतः खोलीत आल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी उडी?” मी म्हणालो, सांगितलेल्या मात्रेत थेंबाचाही फरक नाही, वही बघा. त्यांनी वही पाहिली आणि मान हलवली. तिथूनच धांदलला फोन लावला. “साध्या पेशींवरही हेच औषध टाकून बघायला हवं गं.” ती म्हणाली, “मी आले की लगेच करते, मॅडम. आत्ता प्रकरण लिहून संपवते.”

मी एकटाही ते करू शकलो असतो. मला कुणी सांगितलं नाही.

रात्री जेवताना मुलीचा विषय निघाला. ही म्हणाली, त्या पोरीचं इतकं करता, आपल्या पोरीला एक फोन करा. मी म्हटलं, फोन दोन्हीकडून लागतो. मग ती जुनं पत्राचं काढणार हे दिसलंच, म्हणून मी आधीच सांगितलं: पत्र मी फेकलं नव्हतं. फाडलं नव्हतं. ‘महत्त्वाचे’ लिहिलेल्या फायलीत जपून ठेवलं होतं. घरातली एक वस्तू इतक्या वर्षांत माझ्या हातून हरवलेली नाही. ही ताटं उचलून आत गेली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा दिवस. धांदलने पाचशेच्या मात्रेवरचं प्रकरण मागच्या आठवड्यात मॅडमना दिलं होतं. सात प्रयोग त्यात, सगळे माझ्या हातचे. डिसेंबरपर्यंतचे तिचे चार मिळून अकरा. मॅडमनी ते दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेला पाठवलं, आणि त्यांनी वाचून तिला मुलाखतीला बोलावलं आहे, आणि पेशी सोबत पाठवायला सांगितल्या आहेत. ती फोनवर रडत होती. ऋणनिर्देशात माझं नाव घातलं आहे, मॅडमच्या लगेच खाली. वाचून दाखवलं: “ज्यांच्या शिस्तीशिवाय हे शक्य झालं नसतं.” मी म्हणालो, एवढं कशाला. पण दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

मुदतवाढीचा कागदही वर गेला आहे. मॅडम म्हणाल्या, झालंच समजा.

२ मार्च, गुरुवार

औषधाच्या बाटल्या संपत आल्या. एकच शिल्लक आहे. पाठवायच्या पेशी तयार करायला औषध लागेल, म्हणून धांदलच्या सांगण्याप्रमाणे नवं औषध मी स्वतः केलं. पांढरट पिवळी भुकटी, तराजूवर चिमूटभर. हातमोजे दोन जोड घातले, विष ते विषच. विरघळवलं, गाळलं, तासाभरात मंडळींना दिलं. मात्रा तीच, पाचशे.

६ मार्च, सोमवार

सगळ्या गेल्या.

सहाही बाटल्या. पेशी गोल होऊन पाण्यावर तरंगत आहेत, तळाला चिकटलेली एकही नाही. पाणी ढवळल्यासारखं गढूळ. मी उबेच्या कपाटाचं दार लावलं आणि परत उघडलं, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर काही वेगळं दिसणार होतं. वजनात चूक झाली असणार. एक शून्य जास्त पडलं असणार. अठ्ठावीस वर्षांत माझ्या वजनात चूक झालेली नाही.

धांदलला आज फोटो पाठवले नाहीत. मायक्रोस्कोपचा दिवा गेला आहे असं कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा कामावर खोटं बोललो.

९ मार्च, गुरुवार

पेशींच्या मागे राखून ठेवलेल्या बाटल्यांपैकी दोन काढल्या. औषध नव्याने केलं. वजन तीनदा केलं, तिन्ही वेळा आकडे लिहिले. चूक नव्हती. दोन दिवसांत त्याही गोल होऊ लागल्या आहेत.

दुपारी भुकटी संपली म्हणून खाली भांडारात गेलो. माझ्या जागी आलेल्या भांडारपालाने कपाट उघडून बाटली काढली आणि खिडकीतल्या उजेडापासून आडोसा करत, पाठ फिरवून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. तपकिरी बाटली. हे असं द्यायचं त्याला कुणी शिकवलं? मीच. नोव्हेंबरमध्ये, त्याच कपाटापुढे उभं राहून. तपकिरी बाटलीतलं कधी उजेडात ठेवायचं नाही, उजेडाने त्यातला जीव जातो, वरून दिसायला काही फरक पडत नाही. अठ्ठावीस वर्षं हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो.

जिना चढताना मध्येच बसावं लागलं. लोक बाजूने जात होते. एकाने विचारलं, काका, बरं आहे ना? मी म्हणालो, हो, गुडघा.

ते फॉइल डब्याचं नव्हतं.

११ मार्च, शनिवार

ज्याची कुणी सवड काढली नाही ते मी केलं होतं. परवा जुन्या, शेवटच्या बाटलीतलं औषध साध्या पेशींवर टाकलं. पाचशेची मात्रा. ज्या दहावर मरायला हव्यात त्या. आज पाहिलं. मजेत आहेत. बाटलीभर पसरल्या आहेत, दोनाच्या चार होत आहेत.

म्हणजे बाटलीत नुसतं पाणी होतं म्हटलं तरी चालेल. खिडकीजवळच्या फळीवर सकाळी नऊ ते अकरा थेट ऊन येतं, मलाच ते आवडतं म्हणून मी ती फळी निवडली. आठवड्याआठवड्याने औषध मरत गेलं आणि आम्ही आकडा वाढवत गेलो. पेशींनी काहीच केलं नाही. माझ्या हाताला गुण नाही.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

१३ मार्च, सोमवार

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मन सारखं एका वाटेने जातं, ती वाट इथे लिहून टाकतो.

पेशींना बुरशी लागणं हे रोजचं आहे. बुरशी लागली की बाटल्या उकळून टाकून देतात, कुणी विचारत नाही. मी एवढंच म्हणायचं: बुरशी लागली, सगळ्या गेल्या. प्रबंध तर लिहून झालाच आहे. मुलाखत गुरुवारी आहे. ती जाईल, तिचं भलं होईल. मुदतवाढीवर सही होईल. फॉइल मी परत गुंडाळून ठेवीन. कोणाचं काय बिघडलं?

आणि मग कधीतरी दूरच्या त्या प्रयोगशाळेत कुणीतरी हेच करून बघेल आणि पेशी मरतील. पुन्हा करेल, पुन्हा मरतील. तेव्हा ‘खोटं केलं’ हा शिक्का तिच्या नावावर बसेल, माझ्या नाही. ऋणनिर्देश कोण वाचतो?

हे सगळं मला दिसतं आहे आणि तरी आज सकाळी मी फोन हातात घेऊन खाली ठेवला. माझं चुकलं, हे दोन शब्द मी शेवटचे कधी म्हटले ते आठवत बसलो. आठवलं नाही.

१५ मार्च, बुधवार

हिला सांगितलं. ती एक ब्लाउज उसवत होती. सगळं ऐकून घेतलं. वाटलं होतं, म्हणेल, मुद्दाम थोडंच केलंत. तेवढं ऐकण्यासाठीच सांगितलं होतं.

ती म्हणाली, “त्या पोरीला विचारलं होतंत, हे गुंडाळून का ठेवलंय?”

“नाही.”

“का?”

“मला वाटलं, मला कळतं.”

तिने टाके उसवणं चालू ठेवलं. जरा वेळाने म्हणाली, “मुलाखत कितीला आहे तिची?” मी म्हणालो, उद्या दुपारी चारला. “मग सकाळी जा,” ती म्हणाली. “आणि फोनवर नको.”

१६ मार्च, गुरुवार

वसतिगृहाच्या खाली बाकावर बसून बोललो. ती कुबड्या टेकून आली. प्लास्टर निघालं आहे, पाय अजून टेकवत नाही. इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलाखतीसाठी. केस नीट विंचरलेले. पहिल्यांदाच.

मी पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून भलतंच आलं. “त्या बाटल्या जरा व्यवस्थित दिसाव्यात म्हणून मी...” इथपर्यंतच आलं आणि तिचा चेहरा बदलला. बाकीचं तिला सांगावं लागलं नाही. तिने माझ्याआधी ओळखलं.

“फॉइल काढलंत?”

“हो.”

“सगळ्यांचं?”

“हो.”

“मी सांगितलं होतं, परत खोक्यात ठेवायची.”

“मला वाटलं, खोकं म्हणजे पसारा.”

समोर एक बाई चादरी वाळत घालत होती, तिच्या चार चादरी घालून झाल्या. मी म्हणालो, मॅडमना मी स्वतः सांगतो, तुझ्यावर काही येऊ देत नाही, माझा हेतू... ती एकदम म्हणाली, “काका, हेतू नको. मला तारीख सांगा.”

मला कळलं नाही. ती घाईघाईने बोलत होती, पण पहिल्यांदाच प्रत्येक वाक्य पुरं करत होती. “फॉइल कोणत्या दिवशी काढलंत? त्याच्या आधी गोठवून ठेवलेली मंडळी खरी आहे. त्याच्या नंतरची सगळी खोटी. एका दिवसाची चूक झाली तरी मला सगळं फेकावं लागेल, दोन वर्षांचं. कोणत्या दिवशी? अंदाज नको.”

“सतरा जानेवारी,” मी म्हणालो. “अकरा चाळीस.”

“कशावरून?”

“माझ्या वहीत लिहिलं आहे.”

“कामाच्या वहीत नाहीये. ती मी पाहिली आहे.”

“दुसरी आहे. घरची.”

तिने हात पुढे केला, जणू मी ती खिशात घेऊनच फिरतो. म्हणालो, ते पान आणून देतो. ती म्हणाली, “पान नाही. सुटं पान म्हणजे पुरावा नाही, ते कुणीही नंतर लिहू शकतं. पूर्ण वही हवी. आधीची पानं, नंतरची पानं, काही खोडायचं नाही.”

पावणेचारला ती संगणकापुढे मुलाखतीला बसली. काय सांगणार, असं विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिचा एका ओळीचा निरोप आला: “त्यांना सांगितलं. ते कळवतील म्हणाले. वही उद्या.”

आता ही वही पुढे घेऊन बसलो आहे. बारा आणि सतरा जानेवारीचं वाचलं. धांदल. मोजा. अक्कल खूप असते, पण. ब्लेड टेबलावरच आहे, हिच्या शिवणाचं. दोन ओळी खरवडल्या तर कागद जरा पातळ होईल, एवढंच. नाही खरवडत. आणि मुलीचंही आहे यात. तेही परकी माणसं वाचणार. वाचू देत.

१७ मार्च, शुक्रवार

ही शेवटची नोंद, वही द्यायच्या आधी. सकाळी मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, “साध्या पेशींचं मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं.” मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुदतवाढीचा कागद मीच परत मागितला, त्यांनी दिला.

मग निवेदन लिहायला बसवलं. मी लिहिलं: “साहित्य सुव्यवस्थित राहावे या हेतूने मी बाटल्यांवरील आवरण काढले.” धांदलने कागद ओढून घेतला, एक सरळ रेघ मारून ‘हेतूने’ पर्यंतचं खोडलं आणि शेजारी माझी सही घेतली. “काय केलं आणि कधी केलं. नोंदीत एवढंच असतं.” मी नव्याने लिहिलं. “१७ जानेवारी, सकाळी ११.४०. चोवीस बाटल्यांवरचे फॉइल मी काढले. कोणालाही विचारले नाही.” तीनच वाक्यं. आयुष्यात इतकं अवघड काही लिहिलं नव्हतं.

२६ मार्च, रविवार

नवी वही. जुनी आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, तिला क्रमांक पडला आहे, एकेचाळीस.

अकरापैकी चार प्रयोग वाचले. सात गेले. प्रबंध आठ-दहा महिने लांबला. डिसेंबरात गोठवलेली मंडळी परवा तिने उठवली, पन्नासच्या मात्रेवर ती अजून तग धरून आहे. तेवढं तिचं खरं होतं आणि खरं राहिलं. पलीकडच्यांनी अजून कळवलेलं नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध ती स्वतःच टाकते. मी बाटल्या धुतो, गुलाबी पाणी भरतो, जूनपर्यंत. काल एवढंच म्हणाली, “धांदल हे माझ्या आईलासुद्धा सुचलं नव्हतं.” हसली नाही. वहीत कामाच्या पानांना तिने चिठ्ठ्या लावल्या आहेत. मुलीच्या पानांना नाहीत. वाचली नसतील असं मी स्वतःला सांगतो, पण ती सगळं वाचणारी आहे.

आज दुपारी, ही बाहेर गेली असताना, एक कागद घेतला आणि लिहिलं:

“त्या वर्षी, ११ जुलैला, जहाजावरच्या शिक्षणाला तुझी निवड झाल्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. मी ते उघडून वाचलं आणि फायलीत ठेवलं. तुला सांगितलं नाही. मुदत गेल्यावर तुला ते फायलीत सापडलं.”

खाली आणखी एक वाक्य आपोआप आलं होतं, समुद्रावर पोर एकटी, बापाचा जीव, वगैरे. त्यावर एक रेघ मारून शेजारी सही केली. हेतू खोडल्यावर जे उरलं ते वाचलं. साडेपाच वर्षं मी फक्त ते खोडलेलं वाक्य वाचत आलो होतो.

ही आली. मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने चष्मा लावून उभ्याउभ्या वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि परत वाचला.

“तारीख चुकली आहे,” ती म्हणाली. “अकरा नव्हे. चार जुलै. मंगळवार होता.”

“तुला कसं आठवतं?”

“दार मी उघडलं होतं. पाकिटावर जहाजाचं चित्र होतं. तिची वाट बघायची सोडून मीच ते तुमच्या हातात दिलं.” तिने कागदावर बोट ठेवलं. “तेही लिहा.”

मी ‘११’ वर एक रेघ मारली, वर ‘४’ लिहिलं, सही केली. खाली लिहिलं, पत्र हिने माझ्या हातात दिलं. तिने पेन घेऊन त्या ओळीशेजारी स्वतःची सही केली. कागदाची घडीही तिनेच घातली.

पाकिटावर पत्ता तिने लिहिला. मला तो माहीत नव्हता.